मोबाइलची द्वादशी

मोबाइल कमी वापरायचा निर्धार मोबाइलवरच जाहीर करावा लागतो, आणि या व्यायामाची पंचाईत तिथूनच सुरू होते. कळव्यातल्या कुठल्याही सोसायटीचा ग्रुप घ्या. मनीषानगर घ्या, पारसिकनगर घ्या, खारेगाव घ्या. शनिवारी रात्री कुणी उत्साही काका निरोप टाकतात: 'उद्या डिजिटल उपवास. सकाळी 9 ते रात्री 9 सर्वांनी फोन बंद ठेवावेत.' त्याखाली जोडलेले हात, अंगठे आणि फुलं यांचा खच पडतो. रविवारी सव्वानऊला पहिली शंका येते. 'सुरू झालं का?' 'हो, कधीच. फोन बंद ठेवा.' 'ठेवलाय.' 'मीपण ठेवलाय.' 'आमच्याकडे सगळ्यांनी ठेवलेत,' असं म्हणून एक ताई पाटावर ओळीने मांडलेल्या फोनांचा फोटो पुराव्यादाखल टाकतात. हा फोटो कुठल्या फोनने काढला, हे विचारण्यासाठी एक शंकेखोर गृहस्थ स्वतःचा उपवास मोडतात. दुपारी 'टँकर आला' हा अत्यावश्यक निरोप, संध्याकाळी 'टँकर गेला' हा तितकाच अत्यावश्यक निरोप, आणि रात्री नऊच्या ठोक्याला सगळी सोसायटी पारणं फेडायला बसते. दिवसभरात तुंबलेली रीलं, तुंबलेले सुविचार, तुंबलेले वाढदिवस असं सगळं रात्री एकपर्यंत संपवलं जातं. सोमवारी गाडीत सगळे जांभया देत असतात आणि एकमेकांना सांगत असतात, 'काल फार हलकं वाटलं.'

हा प्रकार स्मार्टफोनबरोबर आला असं ज्यांना वाटतं, त्यांनी आपलं पंचांग नीट पाहिलेलं नाही. 'एकादशी अन् दुप्पट खाशी' ही म्हण करणाऱ्याने फोन पाहिलेला नव्हता, माणूस पाहिलेला होता. चातुर्मासात कांदा, लसूण, वांगं सोडायचं, म्हणून आषाढी एकादशीच्या दोन दिवस आधी कांदेनवमी असते. त्या दिवशी भजी, थालीपीठं आणि भरली वांगी यांचा असा फडशा पाडायचा की पुढचे चार महिने कांद्यानेच आपल्याला सोडावं. संयमाच्या अलीकडे आणि पलीकडे हादडण्याची चोख सोय करून मगच संयम करायचा, ही आपली जुनी आणि माणसाचा स्वभाव ओळखून केलेली व्यवस्था आहे. डिजिटल उपवासाचा हिशेब मांडताना मात्र आपण फक्त एकादशी मोजतो. फोन किती तास बंद होता, हात किती वेळा खिशाकडे गेला, डोळ्यांना किती शांत वाटलं. उपवासाच्या दिवशी पोट हलकं असणारच, त्यात नवल कसलं? फायदा टिकला की नाही ते द्वादशीला कळतं, त्रयोदशीला कळतं आणि पुढच्या एखाद्या साध्या मंगळवारी तर अगदी नक्की कळतं. माझं म्हणणं असं, की त्या मंगळवारी काय होणार हे उपवासाच्या कडकपणावर फारसं अवलंबून नसतं. फोन हातात घ्यायच्या आपल्या काही ठरलेल्या जागा असतात, ठरलेल्या वेळा असतात. त्या जागी, त्या वेळी दुसरं काही येऊन बसलं, तर फायदा टिकतो. नाही बसलं, तर फोन परत येतो आणि येताना व्याज घेऊन येतो.

नुसत्या कडकपणाने माणूस सुधारत असता, तर कळव्याने अख्खी मुंबई केव्हाच सुधारली असती. 12 ऑक्टोबर 2020, वार सोमवार. पडघा आणि कळवा यांना जोडणाऱ्या 400 केव्हीच्या वीजवाहिन्यांमध्ये बिघाड झाला आणि सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे, नवी मुंबई अशा सगळ्या परिसराची वीज गेली. लोकल जागच्या जागी थांबल्या, घरून काम करणाऱ्यांची वाय-फाय मान टाकून पडली, विद्यापीठाच्या ऑनलाइन परीक्षा पुढे ढकलाव्या लागल्या. आपल्या गावाचं नाव इतक्या मोठ्या बातमीत येण्याचे प्रसंग कळव्याच्या वाट्याला कमी येतात, त्यामुळे थोडा अभिमानही वाटून गेला. पण मुद्दा असा, की याहून कडक उपवास कुठला योगगुरू घडवणार? आणि लोकांनी केलं काय? उरलेल्या बॅटरीवर वीज गेल्याचे विनोद पाठवले. बॅटरी जपून वापरा, असे निरोप पाठवण्यात बॅटरी संपवली. वीज आल्यावर पहिला मान चार्जरला मिळाला, फ्रिज आणि पंखा नंतर. पुढच्या वर्षी, 4 ऑक्टोबर 2021 च्या रात्री, फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सअ‍ॅप जगभर सुमारे सहा तास बंद पडले. माणसं त्या वेळात आकाशातले तारे बघत बसली नाहीत. एका दिवसात 7 कोटींहून जास्त नवे लोक आपल्याकडे आले, असं टेलिग्रामच्या पावेल दुरोव यांनी सांगितलं. भात बंद म्हटल्यावर भगरीचा ढीग पुढे ओढावा, तसलं हे वागणं. हाताला तिथे काहीतरी हवंच होतं, आणि शेजारचं पातेलं उघडं होतं.

यावर पहिला आक्षेप येतो तो असा, की सक्ती वेगळी आणि साधना वेगळी. बरोबर आहे. म्हणून साधनेचंच उदाहरण घेऊ, आणि तेही आपल्या रेल्वेमार्गावरचं. इगतपुरीला धम्मगिरी आहे. सत्यनारायण गोयंका यांच्या परंपरेतली विपश्यनेची दहा दिवसांची शिबिरं तिथे 1976 पासून होतात. कसाऱ्याकडच्या बहुतेक गाड्या कळव्याला थांबत नाहीत, त्यामुळे आपल्याकडच्या साधकाला वैराग्याचा पहिला धडा फलाटावरच मिळतो. शिबिरात गेल्यागेल्या फोन जमा करावा लागतो. बोलायचं नाही, वाचायचं नाही, लिहायचं नाही. दहा दिवस माणूस स्वतःचा श्वास बघतो, आणि काहींना तर तो त्यानिमित्ताने पहिल्यांदाच भेटतो. यातून मन शांत होतं हे मला सहज पटतं. पण तिथले शिकवणारे स्वतः काय सांगतात तेही बघा: घरी गेल्यावर रोज सकाळी एक तास आणि संध्याकाळी एक तास बसा. म्हणजे हे सगळं दहा दिवसांत उरकलं असा त्यांचाही दावा नाही. त्यांनी द्वादशीची सोय आधीच सांगून ठेवलेली आहे. आपण नेमका तेवढाच भाग सोडतो. फोन परत मिळतो, चालू होतो, दहा दिवसांचे निरोप धबाधबा कोसळतात, आणि साधक घाट उतरेपर्यंत तेराव्या ग्रुपपाशी आलेला असतो. घरी विचारतात, 'कसं होतं?' तो पडद्यावरून मान वर न करता सांगतो, 'अद्भुत. पूर्ण वर्तमानात होतो.'

फोन बनवणाऱ्यांनीही आपल्या कल्याणाचा विचार केलेला आहे, हे न सांगणं कृतघ्नपणाचं होईल. 2018 साली अ‍ॅपलने 'स्क्रीन टाइम' आणि गूगलने 'डिजिटल वेलबीइंग' अशा सोयी आणल्या. साबुदाणा वड्याची गाडी लावणाऱ्यानेच उपवासाचं माहात्म्य सांगावं, तसं हे वाटतं खरं, पण सोयी वाईट नाहीत. अडचण त्यांच्या रचनेत आहे. तुम्ही एखाद्या ॲपला रोजचा अर्धा तास ठरवून देता. अर्धा तास संपला की फोन अदबीने सांगतो, वेळ झाली. आणि त्याच पाटीवर, त्याच अदबीने, पुढचे पर्याय देतो: एक मिनिट आणखी, पंधरा मिनिटांनी आठवण करा, किंवा आजच्या दिवस मर्यादाच विसरा. शिक्षा, जामीन आणि निर्दोष सुटका एकाच जागी, एकाच अंगठ्याच्या टप्प्यात. पहिल्या दिवशी तो अंगठा क्षणभर थबकतो. आठवड्याभरात तो ती पाटी न वाचता उडवायला शिकतो, आणि मग मर्यादा ओलांडणं हीच एक पक्की सवय होऊन बसते. दुसरा उपाय म्हणजे पडदा काळा-पांढरा करणं. रंग गेले की मोह जातो, असं म्हणतात. हा उपाय सुचवणाऱ्याने मुंबई दूरदर्शनचा काळ पाहिलेला दिसत नाही. 1972 मध्ये सुरू झालेलं ते केंद्र पहिली दहाएक वर्षं काळं-पांढरंच होतं, आणि चाळीत ज्याच्याकडे संच असे त्याच्या दारात 'छायागीत'ला पायताणांचा ढीग लागत असे. जी पिढी शेतकऱ्यांसाठीचा कार्यक्रम, हातात एक गुंठा जमीन नसताना, करड्या रंगात शेवटपर्यंत बघायची, तिला करडा रंग काय आवरणार?

मग येतं 21 दिवसांचं आव्हान. एकवीस दिवस करा, सवय लागेल, असं इतक्या आत्मविश्वासाने सांगितलं जातं की आकडा कुठल्यातरी ऋषींनी दिला असावा असं वाटतं. त्याची बरीचशी ख्याती मॅक्सवेल मॉल्ट्झ या अमेरिकी प्लास्टिक सर्जनच्या 1960 सालच्या पुस्तकाकडे जाते. शस्त्रक्रियेनंतर रोग्याला आपल्या नव्या चेहऱ्याची सवय व्हायला किमान एकवीसेक दिवस लागतात, असं त्यांचं निरीक्षण होतं. नाक नवं बसवलं तर ते काढून ठेवता येत नाही, ही त्यातली मेख. फोनच्या बाबतीत जुनं नाक रोज उशाशीच असतं. सवयीचा जरा नेटका अभ्यास लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. तो 2010 च्या सुमारास प्रसिद्ध झाला. 96 जणांनी जेवणाबरोबर फळ खाणं, पाण्याचा पेला पिणं, पळायला जाणं असली एकेक गोष्ट निवडली आणि ती दिवसातल्या एका ठरलेल्या प्रसंगाला बांधली. सवय अंगवळणी पडायला मधला आकडा निघाला 66 दिवसांचा, पण टोकं 18 पासून 254 पर्यंत गेली. आपल्या हिशेबाने बघायचं तर आषाढीला सुरू केलेला नेम साधारण माणसाला गणपती उरकून पितृपक्ष लागेपर्यंत जमतो, आणि चिवट माणसाला थेट गुढीपाडव्याच्या तोंडावर. त्यातलं मला सर्वांत आवडलेलं निरीक्षण वेगळंच आहे. एखादा दिवस चुकला तर फारसं बिघडत नाही, असं त्यांना दिसलं. आपल्याकडचे फोनचे नेम याच्या अगदी उलट चालतात. एक दिवस चुकला की 'आता मोडलंच आहे तर' म्हणून माणूस रात्रभर क्रिकेटची जुनी क्षणचित्रं बघतो, आणि नवा नेम एक तारखेपासून.

ठरलेल्या प्रसंगाला बांधणं ही त्यातली कळीची गोष्ट, कारण फोनही आपल्याला असाच प्रसंगाप्रसंगाला बांधलेला आहे. कळवेकराचा दिवस बघा. डोळे उघडतात ते गजराने, आणि गजर फोनमध्येच. गजर बंद करायला घेतलेला फोन नुसता कसा ठेवायचा? मग पाणी येणार की नाही ते ग्रुपवर बघणं. मग नाक्यावरची कोंडी, पावसाळ्यात विटाव्याच्या पुलाखाली साचलेलं पाणी, रिक्षाच्या रांगेतली वाट. मग फलाट. जलद लोकलला कळव्याचा थांबा नाही. डोळ्यांसमोरून धडधडत जाणारी, आपली नसलेली गाडी बघत उभं राहणं हा इथला रोजचा कार्यक्रम आहे, आणि त्या अपमानावर फुंकर घालायला खिशात फोन आहे. म्हणजे फोन बघायची इच्छा फोनमध्ये कमी आणि फलाटात जास्त आहे. माणूस दहा दिवस इगतपुरीला जातो तेव्हा तो फोनपासून जितका लांब असतो तितकाच फलाटापासूनही लांब असतो. परत आल्यावर फलाट तिथेच, गाडी तितकीच उशिरा, अंगठा तसाच रिकामा. सगळं शिबिर त्या सिमेंटच्या बाकापाशी विरघळतं, आणि माणसाला वाटतं आपला निर्धार कच्चा. निर्धार पक्का असता तरी त्याने फलाटावर करायचं काय, हे कुणी सांगितलंच नव्हतं.

दुसरा आक्षेप घराघरात रोज ऐकू येतो. 'अहो, किती वेळ?' 'कामाचं बघतोय.' 'कामात मांजर कधीपासून नाचायला लागलं?' विनोद सोडा, पण आक्षेपात तथ्य आहे. तिकीट फोनवर, गाडीची वेळ फोनवर, भाजीवाल्याचे पैसे फोनवर, मुलांचा गृहपाठ फोनवर आणि गृहपाठ फोनवर येतो याबद्दलची पालकांची तक्रारही फोनवर. अशा माणसाला फोन सोडा म्हणणं म्हणजे त्याला कळवा सोडा म्हणण्यासारखंच झालं. म्हणूनच नुसते तास मोजणं मला निरर्थक वाटतं. वापर-वापरात फरक आहे. अमेरिकेतल्या हंट ऑलकॉट, मॅथ्यू गेंट्झको आणि लीना सॉन्ग या अर्थशास्त्रज्ञांनी 2022 मध्ये मांडलेला हिशेब असा, की त्यांनी अभ्यासलेल्या लोकांच्या समाजमाध्यमांवरच्या वापरातला सुमारे 31 टक्के भाग स्वतःवर ताबा न राहिल्यामुळे होता. हे कळल्यावर आपल्याकडचा हिशेबी गृहस्थ लगेच म्हणेल, 'म्हणजे 69 टक्के मी शुद्धीत असतो!' असतो, मान्य. भांडण त्या 31 टक्क्यांशीच आहे. तिकीट काढायला फोन उघडला आणि गाडी सुटेपर्यंत कुणाच्या तरी लग्नातला नाच बघितला, यातलं तिकीट काढणं कामात जमा. नाच कशात जमा, ते ज्याचं त्याने ठरवावं.

त्याच प्रयोगात लोकांना काही आठवडे वापर कमी करण्याचे पैसे दिले गेले. पैसे चालू असताना वापर घटला, यात काही विशेष नाही. पैसे मिळाले तर आपण कळवा ते ठाणे चालतही जाऊ. विशेष हे, की पैसे बंद झाल्यावरही पुढचे काही आठवडे वापर आधीइतका चढला नाही. याच मंडळींपैकी काहींनी 2018 मध्ये, अमेरिकेतल्या निवडणुकीच्या आधी, लोकांना पैसे देऊन चार आठवडे फेसबुक बंद करायला लावलं होतं. रोजचा साधारण एक तास मोकळा झाला. त्या तासात लोकांनी टीव्ही बघितला, मित्रांबरोबर, घरच्यांबरोबर वेळ घालवला. बातम्यांचं ज्ञान थोडं घटलं, समाधान थोडं वाढलं, आणि बंदी उठल्यावरही त्यांचा फेसबुकवरचा वापर पूर्वीपेक्षा कमी राहिला. यावर तिसरा आक्षेप घेता येईल, की मग उपवास उपयोगी पडलाच की! पडला. पण तो चार आठवड्यांचा होता, त्यात रोज तासभर वेळ मोकळा मिळत होता, आणि त्या तासात हळूहळू माणसं येऊन बसली होती. आपला रविवार बारा तासांचा असतो, आणि त्यातले अकरा तास 'आता किती वाजले असतील' या विचारात जातात. किती वाजले ते बघायला घड्याळही फोनमध्येच.

रेल्वेत याची जिवंत उदाहरणं आहेत, आणि ती कुठल्या विद्यापीठाने तपासलेली नसली तरी रोज डोळ्यांसमोर असतात. डब्यातलं भजनी मंडळ घ्या. टाळ हातात असलेल्या माणसाला फोन धरताच येत नाही; दोन्ही हात विठ्ठलाने घेतलेले असतात. बायकांच्या डब्यात मटार सोलणाऱ्या, मेथी निवडणाऱ्या बायका घ्या. मांडीवर ब्रीफकेस ठेवून पत्ते कुटणारा कंपू घ्या. यांना कुणी डिजिटल कल्याणाचा वर्ग दिलेला नाही. यांच्या खिशातही फोन आहेत, त्यांवरही रीलं आहेत, आणि यांच्यातलं कुणी महिनाभर फोनशिवाय राहिलेलंही नाही. पण ठरलेल्या गाडीत, ठरलेल्या डब्यात, ठरलेल्या माणसांमध्ये हाताला ठरलेलं काम आहे. एखाद्याने मध्येच फोन काढला तर शेजारचा म्हणतो, 'पान टाक रे.' एवढं पुरतं. जुन्या पिढीचे लोक इथे छाती काढून म्हणतात, 'आमच्या वेळी असलं नव्हतं.' तुमच्या वेळी चौघे मिळून एकाचा पेपर वाचायचे, आणि ज्याचा पेपर त्याला शेवटचं पान मिळायचं, तेही कोड्यासकट सोडवलेलं. मान खाली घालून दुसऱ्याच्या जगात शिरायची हौस काही 4जीबरोबर आलेली नाही. फरक इतकाच, की पेपर संपायचा. 2006 मध्ये आझा रास्किन यांनी कधीच न संपणारं पान तयार केलं आणि पुढे त्याबद्दल हळहळही व्यक्त केली. पण ती हळहळसुद्धा लोकांनी बोटाने वर सरकवतच वाचली.

डबा जे नकळत करतो, ते एका गावाने जाणूनबुजून केलं. सांगली जिल्ह्यातलं मोहित्यांचे वडगाव. करोनात मुलांच्या हातात अभ्यासासाठी फोन आले, शाळा उघडल्या तरी हातातून सुटेनात. सरपंच विजय मोहिते आणि गावकऱ्यांनी ऑगस्ट 2022 मध्ये ठरवलं, की रोज संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजेल आणि गावातले टीव्ही आणि मोबाइल बंद होतील. साडेआठला भोंगा पुन्हा वाजेल, मग चालू. सुरुवातीला पुरुष मंडळी हसली म्हणतात. मग बायकांची सभा घेतली. त्यांनी मालिका जरा जास्तच होतात हे कबूल केलं आणि गाडी रुळावर आली. यात बारकाईने बघण्यासारखं बरंच आहे. वेळ दीड तासाची, म्हणजे आवाक्यातली. रोजची, म्हणजे कांदेनवमीला वाव नाही. मोकळ्या वेळात मुलांनी अभ्यास करायचा, मोठ्यांनी वाचायचं किंवा बोलायचं, म्हणजे रिकामी जागा भरलेली. आणि सगळ्यांची एकदम, म्हणजे 'माझाच फोन बंद, तिकडे जग कुठल्या कुठे गेलं' ही धाकधूक नाही, कारण जगही त्या वेळी ओसरीवर बसलेलं. त्याच वर्षी नोव्हेंबरात यवतमाळ जिल्ह्यातल्या बान्सी ग्रामपंचायतीने 18 वर्षांखालच्या मुलांना मोबाइलबंदी करण्याचा ठराव केला. हेतू चांगलाच आहे. पण घरातल्या मोठ्यांनी साबुदाण्यावर तूप ओढून घेत मुलांना निर्जळी सांगायची, यात मला फार दम वाटत नाही. मुलं आपलं सांगणं ऐकत नाहीत, आपला अंगठा बघतात.

चौथा आक्षेप कळव्याचाच. ते गाव, हे शहर. इथे भोंगा वाजवणार कोण? भोंगा म्हटलं की ठाणे जिल्ह्यात आधी राजकारण आठवतं, फोन नंतर. शिवाय सातला अर्धं कळवं गाडीत असतं, साडेआठला उरलेलं अर्धं नाक्यावर. सोसायटीच्या सभेत विषय निघाला तर चर्चा कशी जाईल हेही उघड आहे. 'सात ते साडेआठ नको, मालिका असते.' 'साडेआठ ते दहा?' 'मॅच असली तर?' 'मग पहाटे पाच ते साडेसहा ठेवू.' ठराव एकमताने मंजूर. तरीही एकत्र येऊन काही करणं कळव्याला जमत नाही, असं कुणी म्हणू नये. ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या कारखान्यांच्या पाळ्यांवर इथल्या घरांची जेवणं, झोपा, भांडणं ठरलेली आहेत. आणि वडगावात भोंगा वाजू लागला त्याच ऑगस्ट 2022 मध्ये कळवा कारशेडपाशी प्रवाशांनी वातानुकूलित लोकल रोखून धरली होती. जी माणसं गाडी रोखू शकतात, त्यांना अंगठा रोखता येणार नाही? फक्त ज्या जागेवर आपलं एकमत होतं ती जागा शोधायला हवी, आणि कळवेकरांचं एकमत सोसायटीत होत नाही, गाडीत होतं.

तेव्हा सुरुवात गाडीतच करावी. सकाळच्या धीम्या लोकलमध्ये कळवा ते ठाणे हा टप्पा आपोआप फोनमुक्त असतो, कारण हात कुठे आहेत हेच कळत नाही. काही वेळा आपल्या वाटणाऱ्या हातात दुसऱ्याचा डबा असतो. हा संयम हिशेबात धरू नये. मुलुंड, नाहूर, भांडुप, कांजूरमार्ग, विक्रोळी इथपर्यंतही फार पुण्य नाही. घाटकोपरला मेट्रोवाले उतरतात, डबा सैल होतो, उजवा हात मोकळा होऊन खिशाकडे निघतो. व्यायाम तिथून सुरू होतो. तेवढ्यात शेजाऱ्याला काहीतरी विचारावं. कुठे उतरणार, हे विचारणं लोकलमध्ये सभ्यच समजलं जातं. त्यामागे जागेची आशा असते हे दोघांनाही माहीत असतं, त्यामुळे गैरसमज होत नाही. बोलणं जमलं तर उत्तम. नाही जमलं तर खिडकीबाहेर बघावं. विद्याविहारला सोमय्याची मुलं उतरतात, सगळ्यांची मान खाली, सगळ्यांचे अंगठे चालू. तिकडे बघून उगाच चेव आणू नये. पहिल्या महिन्यात विद्याविहारपर्यंत पोचलं तरी पुष्कळ झालं. कुर्ल्याचं पितृपक्षानंतर बघू.